साहेब सापडण्याची जागा

आमदाराच्या हापिसाले नावं ठेवू नका वो. मले तं साहेब तठीच सापडला!

मागच्या महिन्यात आमच्या वावरातली लाइटची डीपी जळाली. मोटर बंद, संत्र्याची बाग वाळून राह्यली. लाइट हापिसात रोज जावं, तं इंजिनिअरची खुर्ची रिकामी. शिपाई म्हणे, "साहेब साइटवर हायेत." पंधरा दिवस झाले, त्याचं तोंड काही दिसलं नाही.

शेवटी आमदाराच्या हापिसात जाऊन बसलो. पीए भला माणूस. पत्र टाइप करून दिलं, अन् वरून म्हणे, "थांबा काका, त्या इंजिनिअरले आत्ताच फोन लावतो."

फोन लावला, तं घंटी माझ्या बाजूच्या खुर्चीवर वाजली!

ज्या माणसापाशी मी घंटाभर इंजिनिअरले शिव्या देऊन राह्यलो होतो, तोच इंजिनिअर! अन् तोही "हो ना काका, असेच असतात" म्हणून मान हालवत होता. त्याले अकोल्याले बदली पाहिजे होती, म्हणून तोही पत्रासाठीच बसला होता.

मी म्हटलं, "काहून साहेब, हेच का वो तुमची साइट?"

लाजला नाही. म्हणे, "काका, तुमचं पत्र मले इथंच देऊन टाका. हापिसात मी सापडत नाही."

आमदाराच्या पत्रात ताकद असते बरं. आठ दिवसांत त्याची बदली झाली. माझी डीपी तशीच.

आज नवीन इंजिनिअर आला म्हणतात. चहा झाला का निघतोच त्याले भेटाले. लाइट हापिसात कायले जाऊ? आमदाराच्या हापिसात!