रोगणाचा शेवटचा हात

…बस गं सुफन, आधी दम खा, एवढा चढ चढून आलीस. आता सांग, काय म्हणाला दकुई? पेटी पाठव म्हणाला? आजच? तुझ्या बापाला जन्मभर घाई, जन्मलाही सातव्या महिन्यात — नाही, रडू नको. मला कळतंय. कालपासून पेजही घशाखाली उतरत नाही म्हणतेस, म्हणजे झालंच. एक दिवस, फार तर दोन.

पेटी नाहीये, पोरी. घे, सांगून टाकलं. त्याची मेल्यावर निजायची पेटी माझ्याकडे नाही. दोन वर्षं झाली. तू तिकडे दक्षिणेत बुटांच्या कारखान्यात, तुला कोण कळवणार? तालुक्याची माणसं आली, बांबूवरच्या भोंग्यातून तीन दिवस ओरडत होती — आता पुरायचं नाही, सगळ्यांनी भट्टीत जायचं, घरोघरच्या पेट्या बाहेर काढा. शाळेच्या मैदानात ढीग घातला आणि यंत्राने चिरडला. शेन म्हातारी आपल्या पेटीत जाऊन आडवी झाली, तर चौघांनी तिला उचलून बाजूला ठेवली. तुझा बाप तेव्हा नुकताच अंथरुणाला खिळलेला, त्याला कुणी सांगितलं नाही. म्हणजे — मी नाही सांगितलं. गावाने माझ्यावर सोपवलं होतं.

मी काय करणार होतो? साहेब दारात येऊन विचारतो, लुओ सुतार, पेटी आहे का घरात? आता गावात बांधाचं भांडण झालं की कुणाला बोलावतात? मला. का? तर लुओ खोटं बोलत नाही. मी वर माळ्यावर बोट दाखवलं. बरोबरच केलं ना? — दकुईला शब्द दिला होता, हो, माहीत आहे मला. मी तुळईवरून पडलो तेव्हा याने मला पाठीवर घेऊन दोन डोंगर पार केले, हाडवैद्याच्या दारात टाकलं आणि स्वतः पायरीवर ओकला. शुद्धीवर आलो तेव्हा मीच म्हणालो, तुझी शेवटची पेटी माझ्या हातची, आणि तुला तिच्यात मीच निजवणार. तर हा पठ्ठ्या पेटीच्या लाकडासाठी आजोबांनी लावलेलं झाड तोडून मोकळा! दर वर्षी नवव्या महिन्याच्या नवमीला मी पेटीला रोगणाचा नवा हात द्यायचो आणि हा यायचा, झाकणावर बोटं वाजवायचा, कान लावायचा. म्हणायचा, लुओ, झकास झोप लागणार बघ.

वास? कसला वास? रोगणाचा. सुताराच्या घरात रोगणाचा वास नाही येणार, तर काय कोबीचा येणार? — हो, ताजा आहे. परवा दिला एक हात. कशाला म्हणजे? असंच. तिकडे नको बघू, तो भाताचा कोंडा आहे, डुकरांसाठी. डुकरं गेल्या वर्षीच विकली, पण कोंडा राहिला ना — सुफन, हात नको घालू म्हणतो ना त्यात!

…बरं. बघितलंस.

एकाच झाडाच्या दोन पेट्या झाल्या. तोच म्हणाला, एक तुझी, एक माझी, डोंगरावर शेजारी शेजारी पडू. साहेबाने पुढे विचारलं, किती आहेत? मी म्हणालो, एक. शहात्तर वर्षांतलं पहिलं खोटं, आणि इतकं सहज निघालं, की माझी मलाच भीती वाटली. त्याने घरात डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. लुओ म्हणतोय ना, मग एकच. आणि दोनांतली कुठली द्यायची ते ठरवलं मीच — त्याची पुढे केली. माझी नाही.

रोज जातो मी तुझ्या बापाकडे. तो विचारतो, रोगणाचा हात दिलास? मी म्हणतो, दिला. ते काही खोटं नाही, दिलेला असतोच! मग माझी बोटं हुंगतो आणि शांत पडून राहतो. लाज वाटते गं. तरी पुन्हा जातो.

ही नेऊ म्हणतेस? कशी नेणार? आखूड आहे. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच, त्याचे पाय दुमडावे लागतील. आणि दाराबाहेर काढली की दुपारपर्यंत तालुक्याची गाडी हजर, पेटीही जाईल आणि तोही भट्टीत. — मीसुद्धा भट्टीतच जाणार, मला काय कळत नाही? हिच्यात कुणीच निजणार नाही. मग कशाला ठेवलीस, म्हणतेस? मला काय विचारतेस! मला माहीत असतं तर…

नाही, मी नाही येणार. आज तो माझ्याकडे बघेल, ते मला सोसणार नाही. तूच सांग. सांग, शेवटचा हात सुकतोय, उद्या सकाळी घेऊन येतो. तुझं नाही पटलं तर माझं नाव घे. लुओ म्हणाला म्हटलंस की तो पुढे काही विचारणार नाही.

जा आता. आणि जाताना तेवढा कोंडा सारखा करून जा.