शालनच्या वहीतला तो

— आत या म्हणालो, म्हणजे शिबिराला येतो म्हणालो नाही. जिन्यात आवाज घुमतो म्हणून आत घेतलं. बसा. आणि ते लिहिणं थांबवा आधी. काय लिहिलंत? सर्जेराव — नाव कोणी दिलं, वॉचमननं? खोडा ते. वाघोलीला तीन दिवस डोळे मिटून बसायला मला वेळ आहे, रिटायर माणसाकडे तेवढंच असतं, पण इच्छा नाही. शांती म्हणे. एकतीस वर्षं खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात काढली मी, भरणी खात्यात. हात थरथरणारा माणूस त्या खात्यात ठेवतच नाहीत. रोज गेटवर झडती, खिशात काडेपेटी सापडली तर घरी बसायचं. शांत माणूस म्हणून नाव होतं माझं तिथं. तुमच्या शिबिराशिवाय जमलं ते.

आणि मघाशी दारात काय म्हणालात — नको, तुम्ही नका म्हणू, मीच म्हणतो. ‘काका, देह जातो, चेतना जात नाही. काकूंना शेवटपर्यंत सगळं कळत होतं.’ कोणी सांगितलं तुम्हाला? तुम्ही होतात तिथं? वय काय आपलं, पंचवीस? हे वाक्य सगळ्यांच्या दारात म्हणता, का फोटोला हार दिसला तरच? नाही, रागावलो नाही. माझा आवाजच असा आहे. म्हणजे रागावलोय, पण तुम्ही घाबरू नका.

शालन सकाळी पोळ्या करताना पडली. मेंदूत रक्तस्राव. एकवीस दिवस अतिदक्षता विभागात होती, डोळे मिटलेले, तोंडात नळी. मला सकाळी अर्धा तास आत सोडायचे आणि संध्याकाळी अर्धा तास. पहिले दोन दिवस मी नुसता उभा. तिथल्या सिस्टर, सुमय्या नाव त्यांचं, त्या म्हणाल्या, ‘काका, बोला ना त्यांच्याशी. ऐकू येणं सगळ्यात शेवटी जातं.’ आता बोला म्हणजे काय बोला? चाळीस वर्षांच्या संसारात आमचं बोलणं काय — दूध आलं का, किल्ली कुठंय. ते तिथं काय बोलणार? मी म्हणालो, ‘शालन, मी आलोय.’ मग घड्याळ बघितलं. अजून सव्वीस मिनिटं होती.

चौथ्या दिवशी मालनबाई आल्या. कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या आमच्या तेव्हाच्या शेजारीण, शालनची मैत्रीण. त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, तिची वही आणा घरून. दत्ताच्या देवळात दर गुरुवारी वाचायची ना ती आम्हाला, तीच वाचू तिच्या कानाशी.’ मी विचारलं, कसली वही? तर त्या हसल्या. म्हणाल्या, ‘तुम्हाला माहीत नाही होय? देवाशी गप्पा मारायची ती त्या वहीत. तो असं म्हणाला, मी असं म्हणाले. पण नाव नाही लिहायची, पान कुणाच्या पायाखाली आलं तर नको म्हणून. नुसतं “तो”. आम्ही बायका हसायचो, रडायचो. मग एकाएकी बंदच केलं तिनं.’

तुम्ही पेन परत का उघडलंत? यातलं काहीही लिहायचं नाही.

ती वही मी जाळली होती. सोळा वर्षांपूर्वी. शालन माहेरी गेली होती, लोणी काळभोरला, लग्नाला. मी गॅसचं कार्ड शोधत होतो, तर तिच्या साड्यांखाली वही. एकच पान वाचलं. अजून पाठ आहे. ‘तो म्हणाला, आज उशीर केलास. मी म्हणाले, घरी पाहुणे होते. तो म्हणाला, दमलीस का. मी म्हणाले, इतक्या वर्षांत हे तूच पहिल्यांदा विचारलंस.’ एवढंच. पुढं वाचलं असतं तर कळलं असतं, नाही? दोन पानं पुढं कुठंतरी औदुंबर आला असता, पादुका आल्या असत्या. पण मी नाही वाचलं. अंगणात बंब होता अंघोळीच्या पाण्याचा, त्यात घातली. पुठ्ठ्याला वेळ लागतो जळायला. मी काठीनं ढकलत उभा होतो.

ती आली, तीन दिवस शोधत होती. पिठाच्या डब्यामागंसुद्धा. मी म्हणालो, रद्दीत गेली असेल. ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘असेल.’ मग रद्दीवाल्याकडे गेली. मी समोरच्या टपरीवर चहा पीत होतो — ती खाली बसून एकेक गठ्ठा सोडत होती आणि मी चहा पीत होतो. मला बरं वाटलं तेव्हा. हे लिहा हवं तर.

आणि त्यानंतर सोळा वर्षं मी तो माणूस शोधला. बाबुराव म्हणून एकजण शिलाई मशीन दुरुस्त करायला यायचा, गरीब बिचारा, माझ्याशीही नीट बोलायचा. त्याचं घरात येणं मी बंद केलं. तिचं मशीन तसंच पडून राहिलं. तिनं कधी विचारलं नाही, का म्हणून. विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो, तेही माहीत नाही.

तर वही नव्हती. मालनबाईंना म्हणालो, सापडत नाही. आणि पाचव्या दिवसापासून मीच सुरू केलं. तिच्या कानाशी वाकून — तो म्हणाला, शालन ऊठ, दूध उतू जातंय. ती म्हणाली, मग तूच बंद कर की गॅस. दोघांचं मीच बोलायचं. देवाचं काय बोलायचं ते मला कुठं माहीत? लहानपणी कीर्तनात दत्ताचे चोवीस गुरू ऐकले होते, ते सांगायला घेतले. पृथ्वी, वारा, कबुतर, अजगर — सातच आठवले. मग राहिलेले कारखान्यातले घातले. भोंगा गुरू, झडती घेणारा शिपाई गुरू. शालन म्हणाली, हे तुझ्या मनाचं आहे. तो म्हणाला, असू दे, ऐक. सुमय्या सिस्टर पडद्यामागं हसायच्या. मला वाटतं, आमच्या संसारात एवढं मी कधी बोललो नव्हतो. मी वाट बघायला लागलो त्या अर्ध्या तासाची.

सतराव्या दिवशी मी सांगितलं. तो म्हणाला, शालन, वही यानं जाळली. बंबात. आणि इथं आता तिचं बोलायचं होतं. बारा दिवस तिचं मीच बोलत होतो, काही अडलं नव्हतं. पण ते एक वाक्य मला येईना. तिच्या तोंडी काहीही घालता आलं असतं — जाऊ दे, असेल, काहीही. नाही घातलं. हात धरून बसलो. तिच्या डोळ्यातून पाणी आलं, उजव्या. सिस्टर म्हणाल्या, ‘काका, वेळ झाली.’ मी म्हणालो, थांबा, ती बोलणार आहे.

डॉक्टरांना तीनदा विचारलं मी. ते म्हणाले, डोळ्यात औषध घालतो आम्ही, त्याचं पाणी ते. तिला काही कळत नव्हतं. चांगला माणूस. चार दिवसांनी ती गेली. आणि आज तुम्ही येऊन सांगता, कळत होतं. कळत होतं तर ती ते घेऊन चार दिवस पडून होती, तोंडात नळी, मला दोन शब्द सुनवायचीही सोय नाही. आणि कळत नव्हतं तर मी कुणाला सांगितलं? भिंतीला? यातलं कुठलं घेऊन वाघोलीला येऊ, सांगा. तीन दिवसांत होईल?

रडू नका. इथं नको. पिशवी घ्या तुमची. समोर देशमुखांची आई दोन महिने अंथरुणात आहे, डोळे उघडत नाही, आणि तिचा मुलगा येता-जाता नुसता पंखा कमीजास्त करतो. ते ‘सगळं कळतं’ वाक्य त्याला जाऊन सांगा. इथं उशीर झाला.

दार ओढून घ्या.