मशीनसाठी राखलेली खोली

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपले प्राचार्यसाहेब, मंचावरची पाहुणेमंडळी, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते प्राध्यापक रुपराव गावंडे सर, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती वच्छलाबाई, सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो,

सरांच्या हाताखाली शिकून मी, चारुलता, याच विभागात शिकवू लागले, म्हणून मला बोलायला उभं केलं आहे. सर मघापासून खुणावताहेत, आटप म्हणून. आज मी आटपणार नाही.

भौतिकशास्त्राशी संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. ऑक्साइडची पूड दाबून भाजलेल्या वडीवर क्ष-किरण सोडले की तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्यांची ऊर्जा मोजली की कळतं, वरच्या थरात कोणते अणू आहेत, ऑक्सिजन कुठे कमी पडला आहे, दोन ऑक्साइड जिथे भिडतात तिथे काय घडलं आहे. सरांचं सगळं आयुष्य या शोधात गेलं. आणि मोजणारं यंत्र नागपुरात कधी आलंच नाही. वड्या इथल्या भट्टीत भाजायच्या आणि रेल्वेने बंगलोरला न्यायच्या, असं आमचं संशोधन.

एका वर्षी तर गंमतच झाली. जोडाच्या जागी चक्क कॅल्शियम दिसलं. नवीनच काही सापडलं म्हणून आम्ही हरखून गेलो. मग सरांनी कपाळावर हात मारला. "अवं चारू, खंडेनवमीले मीच तं वड्यायच्या डबीले हळदकुंकू वाहिलं होतं." डबी उघडी राहिली होती, आणि कुंकवात चुना असतोच. आम्ही पोट धरून हसलो. पण यंत्र इथे असतं तर ही चूक त्याच दिवशी कळली असती, नाही का?

त्या यंत्रासाठी सरांनी तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली राखली. हादरे बसू नयेत म्हणून तिची जमीन वेगळ्या पायावर घालून घेतली. कुणी तिथे खुर्च्या ठेवायला मागितली, कुणी उत्तरपत्रिका. सर बधले नाहीत. बंगलोरवाल्यांनी नोकरी देऊ केली तेव्हा म्हणाले, "मी तिकडं गेल्यावर इथल्या मशीनचं कोन पाहीन?" मंजुरी यायची, की यंत्र परदेशी म्हणून परकीय चलनाची अडचण आडवी यायची. वर्षं अशीच गेली.

आज सकाळी त्या रिकाम्या खोलीत मला रडू आवरेना. सर म्हणाले, "काहून रडून राहिली वं? मले तं फक्त आपल्या वडीचा आलेख एक डाव इथंच निघतानी पाह्यचा होता." फक्त म्हणे! मग किल्ली माझ्या हातात ठेवली. "उद्या खोली परीक्षा विभागाले देऊन टाक. प्राचार्यसाहेबायनं सांगतलं हाये."

अध्यक्षमहाराज, आपण मला बोलू दिलंत, आयोजकांनी इतक्या जिव्हाळ्यानं सगळं केलं, श्रोत्यांनी माझं रडगाणं ऐकून घेतलं, सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणखी एक गोष्टही पोटात घालावी लागेल. सरांचा शब्द मी आजवर मोडला नाही. आज आपल्या सर्वांसमोर मोडते आहे. खोलीची किल्ली मी उद्या देणार नाही.

सर, उठू नका. बसा.