थॉमसच्या जागेवरचा थॉमस

चहा राहू दे, आधी मला सांगा, माझं निसार हे नाव काय अवघड आहे? ओमानमध्ये सीबच्या स्टोअरला मी लागलो. माझ्या आधी तिथे थॉमस नावाचा माणूस होता. अर्बाबने, म्हणजे मालकाने, पहिल्याच दिवशी हाक मारली, "यल्ला, थॉमस!" नऊ वर्षं मी थॉमस!

एकदा रास्क नावाच्या आमच्या स्वीडिश इंजिनिअरपुढे मी भडकलो. तो हसून म्हणाला, "अरे, माझं आडनाव असंच आलंय. आमचा एक पूर्वज सैन्यात गेला. त्याच्या जागेवर आधी रास्क नावाचा शिपाई होता, म्हणून त्यालाही रास्कच केलं."

"आणि तो गप्प बसला?"

"निवृत्त झाल्यावरही त्याने तेच नाव ठेवलं. आम्ही अजून रास्कच."

माझं डोकंच फिरलं. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचं नाव? आपल्याला नाही जमणार! महिन्याभरात राजीनामा टाकला आणि निझव्याला दुसरी नोकरी धरली.

परवा एक जुना कागद न्यायला त्या स्टोअरमध्ये गेलो. माझ्या जागेवर आता सलीम आहे, दापोलीचा. आतून अर्बाब ओरडला, "थॉमस!"

सलीमने तोंड उघडायच्या आत ओ मी दिली.