कुत्रीसाठी बाळंतिणीची बाज

कळमनुरीच्या जनावरांच्या दवाखान्यात जुबेर मांजरीची टोपली मांडीवर घेऊन बसला होता. समोर तांड्यावरचा थावरा कुत्रीला फेऱ्या मारवत होता.

"मामा, काहून फिरवून राहिले?"

"इंजेक्शन दिलंय. मळमळतंय तिला, अर्धा तास चालवा म्हनले डॉक्टर."

"झालं काय?"

"पोट वाढलं. मी म्हनलं, गाभन हाय. तांडाभर सांगितलं, डिंकाचे लाडू चारले."

"मंग?"

"गर्भपिशवीत पू निघाला. या इंजेक्शननं पिशवी आवळती अन् पू भाईर येतो म्हने."

"वाचंल ना?"

"वाचंल. बायकोनं भांडून इथं धाडलं म्हनून. मी शहाणा कुत्रीसाठी बाळंतिणीची बाज विणत बसलो व्हतो. तुमचं काय?"

"मांजर. दोन दिवस झाले, खात न्हाई."

"गाभन हाय का?"

जुबेरनं झाकण उचलून मांजरीचं पोट पाहिलं.

"चार घरी पिल्लं कबूल केलीत, मामा. इथं येऊन बसेपर्यंत तर गाभनच व्हती."