पांघरुणाखाली हलेल ते

— नाही, नाही, हात असा वरून नेऊ नका तिच्या डोक्यावर, आधी मूठ पुढे करा, वास घेऊ द्या. हं. आता बसा. पिठाचा वास येतोय तुमच्या बाहीला, तो आवडेल तिला — म्हणजे पीठ नव्हे हो, पिठाच्या मागून जे येतं ते. बेकरीत उंदीर किती आहेत म्हणालात? मोजले नाहीत? नका मोजू. एक दिसला की भिंतीत वीस असतात, आणि त्या विसांना तुमच्या बेकरीची माहिती तुमच्यापेक्षा जास्त असते. तर न्या हिला. आजच न्या, चारच्या आत न्या. चारला माझा भाऊ येतोय दवाखान्यातून, दीड महिन्यानं. भाचा गाडीनं आणतोय. दादा आत यायच्या आधी कुत्री बाहेर गेली पाहिजे, त्याचं म्हणणंच तसं आहे — एक तर ती राहील नाहीतर मी. थोरला भाऊ. ऐकावं लागतं.

दिसायला काही नाही, मान्य. पायपुसण्याला चार पाय फुटल्यासारखी दिसते. पण टेरियर आहे, अस्सल, हिच्या जातीला बिळातच जन्माचं सार्थक वाटतं. मी एकतीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये कारकून होतो, उंदीर मला शिकवू नका. आमच्याकडच्या उंदरांनी जेवढ्या फायली निकालात काढल्या तेवढ्या एकाही साहेबानं काढल्या नाहीत. मांजर होतं तिथं, पण मांजर काय करतं? खेळतं. धरतं, सोडतं, पुन्हा धरतं, अगदी वरिष्ठांसारखं. हिच्यात तो रिकामटेकडेपणा नाही. मानेच्या मागं धरते, दोनदा झटकते — एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे — टक् असा आवाज येतो, शिसपेन्सिल मोडावी तसा — आणि फेकून देते. पहिला पाय झाडत असतो तोवर दुसरा तोंडात. खात नाही, चाटत नाही, नुसतं काम. फक्त शेवटचा तेवढा आणून माझ्या पायाशी ठेवते आणि वर बघते. मग डोक्यावर हात ठेवायचा. तेवढीच तिची अपेक्षा.

रीत साधी आहे. सगळी बिळं ओल्या चिंध्यांचे बोळे करून बुजवायची, एकच मोकळं सोडायचं. हिला तिथं बसवायचं. मग आपण काठीनं भिंत ठोकत यायचं दुसऱ्या टोकाकडून, आणि सुटले की बाजूला व्हायचं. माळ्यावरच्या ट्रंकेमागे एका दुपारी सतरा! भिंतीवर शिंतोडे, माझ्या चष्म्यावर एक शिंतोडा, कोपऱ्यात एक गाभण मादी फुटलेली — तोंड कसलं करता, तुमच्याच पावांवरून फिरतात ते. मला विचाराल तर मला मजा वाटली. हो, वाटली. एकतीस वर्षं 'सादर', 'अवलोकनार्थ' एवढंच लिहिलं मी. माझ्या शब्दावर कचेरीत कुणी पंख्याचं बटण दाबलं नाही. आणि इथं मी 'घे' म्हणायचा अवकाश, लगेच कुणीतरी मरायचं.

पांघरुणाची युक्ती तर माझीच. ती पिल्लू होती तेव्हापासूनची. जुन्या रजईखाली काठी घालायची, हलवायची, 'घे' म्हणायचं. आधी रजई, मग पोतं, मग कागदांचा ढीग. खाली काय आहे ते तिनं बघायचंच नाही — हललं आणि मी म्हटलं, की धरायचं. तुमच्या पोत्यांसाठी तर वरदान आहे हो हे. दाखवू? पाय वर घ्या. हा पेपर, ही खाली काठी — घे! बघा, बघा कशी — चिंध्या केल्या, काठीला खाचा पडल्या बघा — सोड! हं. सुटलं की नाही? त्याच क्षणी. दात उघडेच्या उघडे. ही शिस्त मी लावलेली आहे. लोकांची पोरं ऐकत नाहीत एवढी.

दादाचं? त्याचं काय झालं ते — अपघात. दादा म्हणजे चित्रकलेचा मास्तर. जन्मभर पोरांना पक्षी काढायला शिकवलं आणि एकाच्याही हातावर पट्टी मारली नाही, त्यामुळे कुणालाच पक्षी काढता आला नाही. गुडघे गेले, साखर वाढली, खाटेवर असायचा. आणि मी एकीकडे बिळं बुजवतोय, तर हा दुसरीकडे कपाटामागे पावाचे तुकडे टाकतोय! म्हणे, "अरे, त्यांनी जायचं कुठं?" म्हटलं, वर. सगळे जातात तिथंच. तर हसला. चिडायचं नाही, ही त्याची खोडच. सगळं गाव — सगळी गल्ली म्हणा — त्याला देवमाणूस म्हणते. आणि देवमाणसाच्या भावाला काय म्हणतात, माहितीये? काही नाही. "तुम्ही मास्तरांचे भाऊ ना?" एवढंच. पासष्ट वर्षं.

तर त्या सकाळी कोठीतल्या गादीच्या कापसात घरटं सापडलं. सात पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेली, बोटाच्या पेराएवढी. मी कुत्रीला आणायला मागच्या अंगणात गेलो, परत येतो तर घरटं रिकामं. दादा लंगडत गेला, आपल्या लोकरीच्या टोपीत पिल्लं भरली, आणि टोपी घेऊन पांघरुणात शिरला. पायाशी ठेवली, ऊब मिळावी म्हणून. सत्तरीचा माणूस! मग काय, दार उघडं राहिलं, ही वास काढत आत गेली, पांघरूण हललं, हिनं धरलं. झालं. साखरेचा पाय, जखम चिघळली. आधी अंगठा काढला, मग चवडा, मग घोट्याच्या वरून. म्हणून म्हणतो, कुत्री घरात नको.

अं?

हो. सोड म्हटलं की सोडते. आत्ताच पाहिलंत की.

मग काय? मग-बिग काय विचारता, तुम्ही बेकरीवाले आहात की वकील? मी होतो दारात. दार — दार त्यानं ओढून घेतलं होतं. मी उघडलं. पांघरूण हललं. मला वाटलं, पिल्लं. नाही, पिल्लं एवढी हलतात होय? पेराएवढी पिल्लं. पाय होता. पाय आहे हे मला या भिंतीइतकं स्पष्ट दिसत होतं. आणि मी म्हटलं, घे.

तिनं झटकलं. उजवीकडे, डावीकडे. उंदीर असता तर संपलं असतं. पाय काही संपेना, म्हणून पुन्हा झटकलं, पुन्हा, रजईतून लाल यायला लागलं आणि आत काहीतरी कुरकुर वाजत होतं, कच्चं गाजर चावल्यासारखं. दादा ओरडला, पण काय ओरडला? 'सोडव' नाही, 'वाचव' नाही. "पिल्लं रे, पिल्लं!" अंगठा तुटतोय आणि हा पिल्लं म्हणतोय! असा संताप आला मला. एकदा तरी स्वतःसाठी ओरड की! एकदा तरी मला शिवी दे! मी वाट बघत उभा होतो शिवीची. चार श्वास, पाच श्वास. त्याचे डोळे माझ्या तोंडावर. मग म्हणालो. सोड. तिनं सोडलं, टोपीकडे वळली, सातही पिल्लं ओळीनं मोडली, आणि शेवटचं घेऊन आली माझ्याकडे. पायाशी ठेवलं. वर बघितलं. आणि माझा हात — सवयीनं हो, निव्वळ सवयीनं — माझा हात गेला तिच्या डोक्यावर. थोपटलं मी तिला. दादा बघत होता.

डॉक्टरांना सांगितलं त्यानं, माझीच चूक, मी पांघरुणात उंदीर घेऊन झोपलो. डॉक्टर हसले. मीसुद्धा हसलो.

— नाही, ते 'ती नाहीतर मी' त्याचं म्हणणं नव्हतं. माझं आहे. तो काल फोनवर म्हणत होता, तिला वेळेवर खायला घालतोस ना? मुक्या जिवाला काय कळतं. असं बोलतो, ऐकलंत? मलाच नकोय ती. रोज एक आणून ठेवते पायाशी आणि वर बघते.

तरी नेता? बेकरीत पांघरूण घेऊन कुणी झोपत नाही म्हणता? धंद्याचं डोकं आहे तुम्हाला. बरं, ही साखळी धरा, मागच्या दारानं —

हॉर्न वाजला का? आलीच वाटतं गाडी. पावणेचारलाच.

द्या. साखळी द्या इकडे. नाही म्हणतो ना, नाही न्यायची! तुम्ही पिंजरे लावा, चांगले मिळतात. हिला घालवली तर त्याला वाटेल, मी तिच्यावर ढकललं. आणि तो बोलणार काहीच नाही. चार भिंती, तो, मी, आणि काहीच बोलणार नाही. असू दे ही इथंच, आम्हा दोघांना दारात बघू दे त्याला. निघा तुम्ही. चपला घाला, निघा.

थांबा — पुढच्याच दारानं जा. गाडीतून उतरताना त्याला हात तेवढा तुम्ही द्या. मी दिला, तर तो धरेल.