मेण वर येत नाही

(मेक्सिकोतलं कोआविलाचं वाळवंट, दुपार. जमिनीत बसवलेल्या लोखंडी कढईत कांदेलिया झुडपाच्या काड्या उकळताहेत. म्हातारा सेलेदोनियो आणि त्याची सून हेर्लिंदा.)

हेर्लिंदा : आणखी ओतू नका, मामंजी. अर्धा कॅन संपवलात. फेस कुठे येतोय?

सेलेदोनियो : येईल. चाळीस वर्षं या कढईपाशी उभा आहे मी. तू नको शिकवूस.

हेर्लिंदा : शिकवत नाही हो. एरवी जरा ॲसिड पडलं की मेण भसाभसा वर येतं.

सेलेदोनियो : यंदा झाडानं घट्ट धरलंय. अकरा महिने पाऊस नाही. ऊन जितकं कडक, तितकं कांदेलिया अंगावर मेण चढवते. आतला थेंब बाहेर जाऊ देत नाही. झाडाला अक्कल आहे. तुझा नवरा निकानोर बघ, असल्या उन्हात डोंगरावर काड्या उपटत बसलाय.

हेर्लिंदा : तुम्हीच पाठवलंत त्याला.

सेलेदोनियो : बरं बरं. जाळ वाढव.

हेर्लिंदा : हात दाखवा. आत्ता ओतताना शिंतोडे उडाले ना?

सेलेदोनियो : उडाले की.

हेर्लिंदा : मग भाजलं कसं नाही?

सेलेदोनियो : कातडी जाड झालीय माझी.

हेर्लिंदा : आणि डोळे? वाफेनं गेलेत, पण कबूल कोण करणार! ॲसिडच्या कॅनला लाल चिंधी बांधा म्हटलं होतं.

सेलेदोनियो : बांधली होती.

हेर्लिंदा : ही काय, इथे मातीत पडलीय. थांबा, बोट बुडवते.

सेलेदोनियो : वेडी झालीस?

हेर्लिंदा : पाणी आहे, मामंजी. हे नुसतं पाणी आहे.

सेलेदोनियो : सकाळी... निकानोरच्या गाढवीवर पाण्याचा कॅन मीच चढवला. जड लागला. म्हटलं, वय झालं आता.

हेर्लिंदा : ग्वादालुपे माते! त्याच्याकडे ॲसिड आहे.

सेलेदोनियो : रडू नकोस. ऐक. पहिला भारा बांधून पिंता गाढवीला एकटीला घराकडे हाकलल्याशिवाय तो पाण्याला शिवत नाही. लहानपणापासून मीच लावलीय ती शिस्त. पिंता अजून आलेली नाही. वेळ आहे.

हेर्लिंदा : मी जाते. तुम्हाला वाट दिसायची नाही.

सेलेदोनियो : पळ, पोरी, पळ! अशी उभी का राहिलीस?

हेर्लिंदा : घंटा वाजतेय.

सेलेदोनियो : कुणाची?

हेर्लिंदा : पिंताची. वळणावर आलीय. पाठीवर भारा आहे, मामंजी. नीट बांधलेला.